आधीच्या बाळाची हकीकत

एप्रिल कलला की अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे अहिल्यानगर जिल्ह्यात लग्नसराईला भर येतो. दारोदार मांडव पडतात, हळदी लागतात आणि अंतरपाटामागे मामांचा मान अजूनही पहिला असतो. याच दिवसांत, २२ ते २९ एप्रिलला, जगभर जन्मजात रोगप्रतिकारशक्तीच्या विकारांचा जागृती सप्ताह पाळला जातो. वंश पुढे नेण्याच्या आपल्या उत्सवात या विकारांच्या विचारालाही जागा असावी.

एका जनुकातला बिघाड, आणि जन्मलेल्या जिवाची राखणच ढासळते. असे विकार पाचशेच्या घरात आहेत. त्यांतल्या एकात पांढऱ्या पेशी जखमेपर्यंत पोचतच नाहीत. बारसे होऊन महिना लोटला तरी बाळाची नाळ पडत नाही, बेंबी लाल होऊन चिघळते, पण पू धरत नाही. दुसऱ्या, अतिगंभीर विकारात जन्मतःच टोचलेली बीसीजी लसच बाळाच्या अंगभर पसरू शकते. एरवी ही लस प्रत्येक बाळाला मिळालीच पाहिजे; मात्र ज्या घरातले आधीचे मूल तान्हेपणीच न्यूमोनियाने, न थांबणाऱ्या जुलाबाने गेले, तिथे लसीआधी डॉक्टरांना ते कळायला हवे. नेमके तेच आपण बोलत नाही. देवाने दिले, देवाने नेले म्हणतो. कधी सगळा दोष सुनेच्या पदरात टाकतो. मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवताना, दोन्ही घरांत तोच बिघाड असू शकतो हे विसरून, शेती-शिक्षण विचारतो, पण दोन्ही घरांत दगावलेल्या लेकरांची चौकशी अशुभ मानतो. ही समजूत जीवघेणी आहे.

याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम उभे केले आणि शाळेची पायरीही न चढलेल्या बायांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवले. उंबऱ्यावर बसून विचारपूस करण्याचा तो वारसा आज आशाताईंकडे आहे. त्यांच्या तोंडी एवढा एक प्रश्न यावा: “आधीचं बाळ कशानं गेलं, बाई?” नव्या बाळाच्या साध्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट पेशी फार कमी दिसल्या, तर परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत पुढचे निदान होते. पहिल्या काही महिन्यांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तर यांतली बरीच बाळे वाचतात. खर्च मोठा आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मदतीची सोय असून केईएम त्याचे एक केंद्र आहे.

ज्या घरी यंदा पाळणा हलायचा आहे, त्या घराने आधीच्या बाळाची हकीकत पहिल्याच तपासणीला, न विचारता, सांगावी.