‘टॉर्ट्‌स’ला मोडीत काढणाऱ्यांना उत्तर

विधी महाविद्यालयात पाऊल ठेवलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांतच एक फुकटचा सल्ला मिळतो: टॉर्ट्‌सवर फार वेळ घालवू नकोस. चार लॅटिन वचनं पाठ कर, दहा-बारा इंग्लिश खटल्यांची नावं लक्षात ठेव, पेपर निघून जाईल. कोर्टात हा विषय काही लागत नाही. वरच्या वर्गातले विद्यार्थी हे सांगतात, गाइडं सांगतात, काही वकीलही सांगतात. या सल्ल्याने विद्यार्थ्याचं आणि त्याच्या भावी अशिलांचं मोठं नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पण सल्ल्यामागचा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही, म्हणून आधी तो नीट मांडायला हवा. टॉर्ट्‌सचा, म्हणजे अपकृत्यांचा, आपल्याकडे लिखित अधिनियम नाही. जे आहे ते इंग्लंडहून आलेलं. आणि अन्याय झाला की आपला माणूस पोलीस ठाणं गाठतो, भरपाईचा दिवाणी दावा लावत नाही.

लिखित अधिनियम नाही, हे खरं. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी 1886 मध्ये भारतासाठी दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा तयार केला होता. तो कायदा कधी झालाच नाही. पण म्हणून कायदाच नाही असा निष्कर्ष काढणं चूक आहे. 4 डिसेंबर 1985 रोजी दिल्लीत श्रीराम फूड अँड फर्टिलायझरच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. भोपाळच्या वायुदुर्घटनेला जेमतेम वर्ष झालं होतं. हातात होता तो 1868 चा रायलंड्स विरुद्ध फ्लेचरचा नियम: धोकादायक वस्तू जमिनीवर साठवली आणि ती निसटली, तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही मालक जबाबदार. मात्र या नियमाला पळवाटा अनेक. दैवी आपत्ती म्हणा, तिऱ्हाइताचं कृत्य म्हणा, सुटका होते. डिसेंबर 1986 मध्ये न्या. भगवती यांच्या घटनापीठाने सांगितलं, की घातक उद्योग चालवून नफा मिळवणाऱ्याला यातला एकही बचाव मिळणार नाही आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई जबर. ही निरपवाद जबाबदारी. पोलॉकचा मसुदा कायदा होऊन बसला असता आणि रायलंड्सचे अपवाद त्यात कलमांनी बांधलेले असते, तर न्यायालयाला संसदेच्या तोंडाकडे पाहत बसावं लागलं असतं. लिखित नसणं हीच इथे या कायद्याची ताकद ठरली.

याच निकालाने दुसऱ्या आक्षेपालाही उत्तर दिलं. इंग्लंडमध्ये अमुक आहे म्हणून आम्ही तमुक करू शकत नाही, ही भूमिका घटनापीठाने साफ नाकारली. तरी ‘परका कायदा’ हे पालुपद संपत नाही, आणि त्याची किंमत भारताने मोजली आहे. भोपाळचा दावा आपल्या सरकारने न्यूयॉर्कमध्ये लावला तेव्हा तिथल्या न्यायालयाला सांगण्यात आलं, की भारतात अपकृत्यांचा कायदा अविकसित आहे, एवढा खटला आमची न्यायालयं पेलू शकणार नाहीत. उलट बाजूने, दावा जिच्यावर होता त्या युनियन कार्बाइड कंपनीसाठी, विधिज्ञ नानी पालखीवाला यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की भारतीय न्यायव्यवस्था समर्थ आहे. मे 1986 मध्ये न्यायाधीश कीनन यांनी खटला भारताकडे धाडला. आपल्या कायद्याच्या बळाची ग्वाही कंपनीच्या बाजूने यावी आणि सरकारने तो दुबळा म्हणावा, याची मला आजही चीड येते. पुढे 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती रक्कम तोकडी होती, याचा दोष तत्त्वाकडे जात नाही. खटला मुळाशी जाऊन लढवलाच गेला नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि माझ्या मते सर्वांत रुजलेला: फौजदारी असताना हे कशाला? इथे थोडं थांबायला हवं, कारण विद्यार्थ्याचा पाया इथेच कच्चा राहतो. फौजदारी खटला सरकारचा असतो. ज्याचं माणूस गेलं, तो तिथे साक्षीदार. आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, आणि डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा लावायचा तर निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 मध्ये सांगितलं आहे. आरोपी सुटला की कुटुंब रिकाम्या हाताने घरी. दिवाणी दाव्यात तेच कुटुंब वादी असतं, आणि पारडं आपल्या बाजूला झुकतं एवढं दाखवलं तरी पुरतं.

कागदावरचा हा फरक हाडामांसात कसा उतरतो हे बघायचं असेल तर जोशी विरुद्ध गोडबोले हा मराठी मुलखातला खटला मुळातून वाचा. मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या वाळूत एका तरुणाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. जागेवर लाकडी फळ्या बांधून त्याला पुण्याला आणलं. वडील स्वतः डॉक्टर. पुण्यातल्या सर्जनने पूर्ण भूल न देता, मॉर्फियाच्या इंजेक्शनवर, माणसांकरवी पाय ओढून हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं. मुलगा दगावला. बचाव असा की चरबीची गुठळी अडकून मृत्यू झाला, उपचाराचा दोष नाही. न्यायालयांनी पुरावा तपासून ठरवलं की भुलीविना झालेल्या त्या ओढाताणीच्या धक्क्यानेच तो गेला. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली: तीन हजार रुपये.

तीन हजारांत मुलाची भरपाई होते का, असा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि तो योग्यच आहे. होत नाही. पण त्या निकालाने आणखी एक गोष्ट दिली. रुग्ण घ्यायचा की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घेणं हे कर्तव्य आहे, असं त्यात ठरलं. कर्तव्य, त्याचा भंग आणि त्यातून झालेलं नुकसान, ही निष्काळजीपणाची तिन्ही अंगं पाठ केल्याने समजत नाहीत. पालशेतच्या त्या मोडलेल्या हाडापासून पुण्याच्या टेबलापर्यंत त्यांचा माग काढला की समजतात. ग्राहक आयोगापुढे आज कुणी रुग्ण उभा राहतो, तेव्हा त्याचा वकील हीच अंगं सिद्ध करत असतो. तेव्हा ‘कोर्टात लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी आयोगांचं आणि मोटार अपघात न्यायाधिकरणांचं कामकाज दिवसभर बसून पाहावं.

लॅटिन वचनांचंही तेच, तीही खटल्यांतूनच समजतात. 1703 च्या अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइटमध्ये मतदाराला मत देऊ दिलं नाही. त्याचा उमेदवार तरीही निवडून आला, म्हणजे पैचंही नुकसान नाही. तरी हक्क मोडला म्हणून तो जिंकला. उलट 1410 च्या ग्लॉस्टर शाळेच्या खटल्यात नव्या शाळेमुळे जुन्या मास्तरांची फी 40 पेन्सवरून 12 वर घसरली, पण हक्कच मोडला नव्हता, म्हणून भरपाई नाही. सगळ्या विषयाची नाडी इथे आहे: तोटा किती झाला हे नंतर, आधी हक्क मोडला का ते विचारा. भीमसिंग या आमदारांना अटक करून जम्मू-काश्मीर विधानसभेत जाऊ दिलं नाही, तेव्हा 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 50,000 रुपये द्यायला लावले ते याच विचाराने.

एक जागा मात्र खरोखर दुबळी आहे, आणि मंडन करताना ती झाकणं अप्रामाणिक ठरेल. पोलिसांनी जप्त केलेलं सोनं मीरतच्या मालखान्यातून हेड कॉन्स्टेबल घेऊन पळाला, तरी 1964 मध्ये कस्तुरीलाल खटल्यात सार्वभौम कार्याच्या नावाखाली सरकार सुटलं. पुढच्या निकालांनी, विशेषतः कोठडी मृत्यूच्या 1993 च्या नीलाबती बेहेरा निकालाने, ही ढाल बरीच बोथट केली; पण ती मोडलेली नाही. विधी आयोगाने 1956 मध्ये आपल्या पहिल्याच अहवालात राज्याच्या जबाबदारीचा कायदा करा म्हटलं होतं. तो अजून झालेला नाही. अधिनियमाची मागणी करायचीच असेल तर ती इथे, या एका प्रश्नापुरती करावी. सगळा अपकृत्य कायदा कलमांत कोंबण्याची गरज नाही.

दावे वर्षानुवर्षं रेंगाळतात, कोर्ट फी जड जाते, हेही कबूल. पण निर्धन वादीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 33 खाली फी न भरता दावा लावण्याची परवानगी मागता येते, आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत विधी सेवा मिळते. हे सांगणारा वकीलच जर टॉर्ट्‌स गाळून पास झालेला असेल, तर अशिलाला कळणार कुठून?

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेपुरतं नाही तर पहिल्या अशिलासाठी एवढं पक्कं करून ठेवा: बदनामी, बेकायदा डांबणं आणि आकसाने लावलेला खटला यांच्या भरपाईच्या दाव्याला मुदत कायद्यानुसार फक्त एक वर्ष मिळतं. दार ठोठावणाऱ्या माणसाला पहिल्या भेटीतच तारीख विचारा.