सर्वांत मोठे कुरण : वैभवाचे माप की वैराणतेचे?

नोव्हेंबर २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनी एस. किडमन अँड कंपनी या जुन्या पशुपालन कंपनीची परदेशी खरेदीदारांना होऊ घातलेली विक्री राष्ट्रहिताचे कारण देऊन रोखली. कंपनीच्या ताब्यात सुमारे एक लाख एक हजार चौरस किलोमीटर जमीन होती. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या एकंदर भूभागाचा १.३ टक्का आणि कृषी उपयोगाच्या जमिनीचा अडीच टक्के भाग. जगातील सर्वांत मोठे गुरांचे कुरण म्हणून ज्याची ख्याती आहे, ते ॲना क्रीक याच कंपनीकडे होते, आणि त्याचा जवळजवळ निम्मा भाग वूमेरा येथील शस्त्रास्त्र-चाचणीच्या प्रतिबंधित क्षेत्रात मोडत होता. एप्रिल २०१६ मध्ये चिनी भांडवलाचे प्राबल्य असलेला दुसरा प्रस्तावही असाच अडला. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये जीना राइनहार्ट यांची हँकॉक कंपनी आणि तिची चिनी भागीदार कंपनी यांच्या दोन-तृतीयांश व एक-तृतीयांश वाट्याच्या खरेदीस मान्यता मिळाली. ॲना क्रीक मात्र त्या व्यवहारातून वगळून एका स्थानिक कौटुंबिक कंपनीला विकण्यात आले.

या वादात दोन्ही बाजूंनी क्षेत्रफळाचे आकडे मोठ्या आवेशाने मांडले गेले. एवढी अफाट जमीन परक्यांच्या हाती कशी द्यावी, हा प्रश्न सामान्य नागरिकाला अस्वस्थ करणारा होता, यात नवल नाही. परंतु कुरण 'सर्वांत मोठे' असते म्हणजे नेमके काय असते आणि ते कशामुळे तसे होते, याचा विचार त्या कोलाहलात मागे पडला. तो केल्याशिवाय राष्ट्रहिताचा प्रश्नही नीट सुटणार नाही.

आकड्यांची लवचिकता

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात लेक आयर या खाऱ्या, बहुधा कोरड्याच असणाऱ्या सरोवराच्या पश्चिमेस ॲना क्रीक पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ २३,६७७ चौरस किलोमीटर सांगितले जाते. गोव्यासारखी सहा राज्ये त्यात सहज मावतील. मात्र या आकड्यात लगतचे 'द पीक' हे कुरणही धरलेले आहे. ते वेगळे मोजले, तर ॲना क्रीकचे क्षेत्र सुमारे १५,७०० चौरस किलोमीटरवर येते आणि नॉर्दर्न टेरिटरीमधील अलेक्झांड्रिया हे सोळा हजार चौरस किलोमीटरचे कुरण त्याच्या पुढे जाते. तेव्हा पहिला क्रमांक कोणाचा, हे जमिनीवर नव्हे, तर दप्तरातील रेघेवर ठरते.

मोजण्याची दुसरी मापे घेतली, की क्रम पुन्हा बदलतो. टेक्सासमधील १८५३ साली स्थापन झालेले प्रसिद्ध किंग रँच सव्वाआठ लाख एकरांचे आहे. म्हणजे ॲना क्रीक व द पीक यांच्या एकत्रित क्षेत्राचा जेमतेम सातवा हिस्सा. पण ती जमीन मालकीची आहे. ऑस्ट्रेलियातील ही कुरणे सरकारी भाडेपट्ट्याची. शिवाय गुरांची संख्या हेच माप मानले, तर अमेरिकेत कुंपणबंद आवारात धान्याचा खुराक देऊन लाखाहून अधिक गुरे पोसणारे उद्योग आहेत, आणि त्यांना काही शेकडा एकर जागा पुरते. उलट ॲना क्रीक व द पीक मिळून चांगल्या पावसाच्या काळातही सोळा-सतरा हजार गुरांपलीकडे भार सोसत नाहीत.

हा शेवटचा आकडा क्षेत्रफळाशी ताडून पाहण्याजोगा आहे. एका जनावरामागे सुमारे साडेतीनशे एकर जमीन, असे त्याचे गणित निघते. ज्या भूमीत एका गाईचे पोट भरण्यासाठी साडेतीनशे एकर लागतात, तेथे काहीशे एकरांचा पशुपालक टिकणेच अशक्य. एका कुटुंबाचा चरितार्थ चालेल एवढी गुरे पाळायची, तरी एखाद्या तालुक्याएवढे रान हवे. कुरणाचा अवाढव्य विस्तार हा तेथे समृद्धीचा परिणाम नसून दारिद्र्याचा आहे. ते दारिद्र्य मालकाचे नसेल, पण जमिनीचे निश्चित आहे.

अर्थशास्त्राची जुनी शिकवण

वस्तुतः अर्थशास्त्राला यात अनपेक्षित असे काही नाही. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेल्या खंडाच्या सिद्धान्तानुसार जमिनीचे मोल तिच्या विस्तारावर नव्हे, तर लागवडीखालील सर्वांत निकृष्ट जमिनीच्या तुलनेत ती किती अधिक पिकते यावर अवलंबून असते. जर्मन विचारवंत योहान फॉन ट्यूनेन यांनी १८२६ साली शहराभोवतीच्या जमिनीच्या वापराची वर्तुळे कल्पिली, तेव्हा गुरे चारण्याचा व्यवसाय त्यांनी सर्वांत बाहेरच्या वर्तुळात ठेवला. कारण गुरे स्वतःच्या पायांनी बाजारापर्यंत चालत जाऊ शकतात. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यातही हेच तत्त्व आहे. बारमाही बागायतीला अठरा एकर आणि जिरायतीला चोपन्न एकर, अशा मर्यादा त्याने घातल्या. कारण एक एकर दुसऱ्या एकराच्या बरोबरीचा असतोच असे नाही.

टेक्सासमधील एक्सआयटी रँचचा इतिहास याचाच दाखला देतो. राज्याचे विधानभवन बांधण्यासाठी रोख पैसा नव्हता, म्हणून टेक्सासने तीस लाख एकर जमीन त्याच्या मोबदल्यात देऊ केली. शिकागोच्या भांडवलदारांनी बांधकाम पत्करले, लंडनच्या बाजारातून पैसा उभा केला आणि त्या जमिनीवर काटेरी तारेचे कुंपण घालून भरभराटीच्या काळात दीड लाख गुरे चारली. म्हणजे एका जनावरामागे वीस एकर. इमारत १८८८ मध्ये पुरी झाली. परंतु ती जमीन नांगराखाली येण्याजोगी होती. रेल्वे आली, वसाहत वाढली आणि शेतकरी चढी किंमत देऊ लागताच कंपनीने जमीन तुकड्यातुकड्यांनी विकावयास आरंभ केला. १९१२ पर्यंत गुरेही संपली. ॲना क्रीक अभंग राहिले, कारण ते विकत घेऊन नांगरणारा कोणी नव्हता. तेथे आरंभी मेंढ्याही पाळून पाहिल्या; पण डिंगो या रानकुत्र्यांनी त्या टिकू दिल्या नाहीत. मेंढ्यांच्या रक्षणासाठी उभारलेल्या साडेपाच हजार किलोमीटरहून लांब कुंपणाच्या बाहेरच हे रान राहिले. जेथे दुसरे काहीच परवडत नाही, तेथेच सर्वांत मोठे कुरण उरते.

पाणी, साखळी आणि मनुष्यबळ

तथापि केवळ ओसाडपणाने कुरण उभे राहत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सुमारे एक-पंचमांश भूभागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा भूगर्भातील जलसाठा आहे. १८७८ मध्ये त्यात पहिली विहीर खोदली गेली आणि दाबाने आपोआप वर येणारे पाणी हाती आल्यावर निर्जल रानातही गुरे राहू शकली. गवत कोठेही असो, जनावर पाण्यापासून ठरावीक अंतरापलीकडे चरावयास जात नाही. म्हणून कुरणाचे खरे क्षेत्र पाणवठ्यांच्या संख्येने ठरते. हे पाणी पिढ्यानुपिढ्या उघड्या चरांतून वाहू दिले गेले. त्यातील बहुतेक उन्हाने आटले अथवा जमिनीत मुरले, आणि साठ्याचा दाब घटला. १९९९ ते २०१७ या काळात सार्वजनिक पैसा ओतून विहिरींना झडपा बसवाव्या लागल्या व चरांऐवजी नळ टाकावे लागले. कुरणाच्या विस्ताराचा खर्च असा बऱ्याच उशिरा, आणि तोही मोठ्या प्रमाणात करदात्याच्या खात्यावर पडला.

दुसरे बळ सिडनी किडमन यांच्या योजनेचे. १८५७ मध्ये जन्मलेल्या या पशुव्यापाऱ्याने ओळखले, की अवर्षणाच्या प्रदेशात एकच कुरण कितीही मोठे असले तरी दगा देणार. त्यांनी क्वीन्सलँडच्या नदीखोऱ्यांपासून दक्षिण ऑस्ट्रेलियातील रेल्वेपर्यंत कुरणांची साखळीच उभी केली. उत्तरेकडे पडलेल्या पावसाचे पाणी नद्यांतून कोरड्या मैदानांवर पसरते आणि तेथे गवत उगवते. एका ठिकाणचा चारा संपला, की गुरे पुढच्या ठिकाणी न्यावयाची आणि चरत चरत बाजाराकडे आणावयाची, अशी ही व्यवस्था होती. मोठेपणा हा येथे दुष्काळाविरुद्धचा विमा ठरला. लहान पशुपालकाला तो विमा परवडत नाही आणि दुष्काळात त्याचा पट्टा मोठ्याच्या हाती जातो.

तिसरे बळ मनुष्यबळाचे; आणि हिशेबाचे हे पान सर्वांत काळे आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील ही कुरणे दीर्घकाळ मूळ रहिवाशांच्या श्रमावर चालली. ज्यांच्या पूर्वजांची ती भूमी, तेच तेथे शिध्यावर आणि तुटपुंज्या वेतनावर गुरे राखीत. ऑगस्ट १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दोनशे गुरिंदजी स्त्री-पुरुष वेव्ह हिल कुरणातून बाहेर पडले. हे कुरण व्हेस्टी या ब्रिटिश घराण्याच्या ताब्यात होते. लढा वेतनाचा म्हणून सुरू झाला आणि जमिनीच्या मागणीपर्यंत पोहोचला. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारी यांच्या हातात मूठभर माती ठेवून काही जमीन परत केली. दरम्यान डिसेंबर १९६८ पासून समान वेतन लागू झाले होते. परंतु अनेक कुरणमालकांनी कामगारांनाच घालवून दिले आणि पुढे गुरे हाकण्याचे काम हेलिकॉप्टरकडे गेले. न्याय मिळाला, पण रोजगार गेला, हा या इतिहासातील कटू भाग आहे.

राष्ट्रहित कशात?

या पार्श्वभूमीवर २०१५-१६ च्या वादाकडे पाहिले, तर त्यातील उणीव ध्यानात येते. वूमेराच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा होता. परदेशी मालकाचे निर्णय दूरच्या राजधानीत होतात, ही शंकाही अनाठायी म्हणता येणार नाही. व्हेस्टी घराण्याचा अनुभव ती बळकटच करतो. परंतु व्हेस्टी ब्रिटिश होते, ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन दृष्टीने परके नव्हते, आणि स्थानिक मालकांनीही त्याच पद्धतीने श्रम घेतले. तेव्हा मालकाचे नागरिकत्व ही पुरेशी कसोटी ठरत नाही.

अधिक भरवशाची कसोटी पट्ट्याच्या अटींत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८९ च्या कायद्यान्वये कुरणांचे पट्टे बेचाळीस वर्षांचे असतात, किती गुरे ठेवावयाची याची मर्यादा पट्ट्यात घातलेली असते आणि जमिनीच्या प्रकृतीची नियतकालिक तपासणी होते. १९९६ च्या विक निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कुरणाच्या पट्ट्यामुळे मूळ रहिवाशांचे हक्क आपोआप नष्ट होत नाहीत; मात्र दोहोंत विरोध आला, तर पट्टेदाराचा हक्क वरचढ राहील. २०१२ मध्ये लेक आयरच्या परिसरातील अरबाना जमातीचे भूमिहक्क न्यायालयाने मान्य केले. याचा अर्थ असा, की ज्याला लोक 'सर्वांत मोठा जमीनदार' समजतात तो पट्टेदार आहे, जमिनीची मूळ धनी सरकारी सत्ता आहे आणि त्याच जमिनीवर तिसऱ्याचाही हक्क आहे.

राष्ट्राने जपावयाचे ते हेच. ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक गुरे घातली जातात काय, भूगर्भातील पाणी कोण मोजतो, तपासणीत जमीन खालावलेली आढळली तर गुरे कमी करण्याचे धैर्य शासन दाखविते काय, मूळ रहिवाशांना आपल्या पवित्र स्थळी जाता येते काय, या प्रश्नांची उत्तरे मालक ॲडलेडचा असो वा शांघायचा, सारखीच महत्त्वाची आहेत. साडेतीनशे एकरांवर एक गाय जगते ती मालकाच्या कर्तबगारीइतकीच त्या रानाच्या सहनशीलतेवर. ती एकदा संपली, तर क्षेत्रफळाचा आकडा दप्तरात तसाच राहील, पण कुरण मात्र उरणार नाही.