डिकीतला संसार

मे-जून हा बदल्यांचा हंगाम. पुण्याहून गुरुग्राम, नागपूरहून चेन्नई. घरसामान ट्रकने निघतं, माणसं विमानाने आणि गाडी दुमजली ट्रेलरवर चढून. आदल्या रात्री त्या गाडीत जे जे कोंबलं जातं, त्यावरून एखाद्या कुटुंबाचा इतिहास लिहिता येईल: कुकर, मिक्सर, स्वेटरांची बॅग, मुलांच्या वह्या, लोणच्याची बरणी आणि ‘ट्रकमध्ये नको, हरवतील’ म्हणून मुद्दाम काढून ठेवलेली चांदीची भांडी. हिशेब असा की भाडं तसंही भरलेलंच आहे आणि डिकी तशीही रिकामीच जाणार. हा हिशेब कुठे चुकतो, ते गाडी ताब्यात घ्यायला आलेल्या माणसाच्या हातातल्या कागदावर दिसतं. तो किलोमीटर टिपतो, पेट्रोलचा काटा पाहतो, स्टेपनी, जॅक, मॅट, म्युझिक सिस्टिम यांपुढे खुणा करतो आणि गाडीच्या रेखाचित्रावर ओरखड्यांच्या फुल्या मारतो. काही छापील तक्त्यांत तर सिगारेट लायटरचाही रकाना असतो. मिक्सरचा नसतो. म्हणजे किल्ली त्याच्या हाती गेली, त्या क्षणी मिक्सर गाडीत असतो आणि कागदावर नसतो.

कागदावर नसण्याची किंमत कायद्यानेच ठरवून ठेवली आहे. 1865 चा जुना कायदा मोडीत काढून आलेला 2007 चा रस्ता मालवाहतूक कायदा माल पाठवणाऱ्याच्या बाजूने बराच उदार आहे. माल हरवला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा ग्राहकाने सिद्ध करत बसायची गरज नाही; बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस दिली की दावा करता येतो. मात्र कोणता माल आणि किती किमतीचा, हे पाठवणाऱ्याने आधी लिहून द्यायचं असतं. जास्त जोखमीचा वेगळा दर ठरवून घेतला नसेल, तर 2011 च्या नियमांप्रमाणे भरपाई भाड्याच्या दसपटीपर्यंत, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. मिक्सरची किंमत जाहीर केलेली नाही आणि त्याचं भाडंही दिलेलं नाही. शून्याची दसपट किती होते, हे सांगायला वकील लागत नाही. फुकटात सामान पाठवल्याचा जो आनंद असतो, तो खरं तर दावा करण्याचा हक्क आगाऊ विकून मिळवलेला असतो.

यावर पहिलं उत्तर येतं, ‘पण गाडीचा विमा आहे ना!’ आहे, आणि चांगला आहे. खासगी गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत गाडी रस्त्याने, रेल्वेने, जलमार्गाने, इतकंच काय लिफ्टने किंवा विमानाने नेतानाचं नुकसानही धरलेलं असतं. गाडी लिफ्टमध्ये असतानाची काळजी करणाऱ्या या दस्तऐवजाला डिकीतल्या कुकरशी मात्र कर्तव्य नसतं. तो विमा गाडीचा आणि गाडीला बसवलेल्या वस्तूंचा. वैयक्तिक सामानासाठी वेगळे पैसे भरून पुरवणी संरक्षण घेता येतं, पण रोकड आणि दागिने त्यातूनही सहसा वगळलेले असतात. आणि लोकांना गाडीत लपवाव्याशा वाटतात त्या नेमक्या याच वस्तू.

वाहतूकदार सामानाला नकार देताना वजनाचं कारण पुढे करतात. ते आम्हाला फारसं पटत नाही. अमेरिकेत ट्रेलरसकट एकूण वजनाची सर्वसाधारण मर्यादा 80,000 पौंड आहे आणि तिथले कॅरिअर तिच्या जवळपास जातात, म्हणून तिथे किलोकिलोचा हिशेब समजू शकतो. आपल्याकडे आठ लहान हॅचबॅक लादलेल्या ट्रेलरची जागा आधी संपते, वजन नंतर. खरी अडचण वेगळीच आहे. गाडी उभ्या चढाच्या रॅम्पवरून वर न्यायची असते. मागची सीट छतापर्यंत भरली की चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही, आणि मागून दबलेल्या गाडीचा बंपर रॅम्पच्या कडेला घासतो. शिवाय गाडी वाटेत एका ट्रेलरवरून दुसऱ्यावर जाऊ शकते, यार्डात उभी राहते, किल्ली तीन-चार हातांतून फिरते. बाहेरून दिसणारी बॅग ही त्या प्रत्येक हाताची परीक्षाच. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत पॉवर बँक, सेंटच्या बाटल्या किंवा अर्धा भरलेला गॅस सिलिंडर असेल, तर शेजारच्या सात गाड्यांच्या मालकांनाही आपल्या बचतीत भागीदार करून घेतल्यासारखं आहे.

मग दोन जुन्या चादरीही ठेवायच्या नाहीत का? खुशाल ठेवाव्यात. गेल्या तर वाईट वाटणार नाही, पेटणार नाही, सांडणार नाही आणि बाहेरून दिसणार नाही असं काहीही डिकीत जायला हरकत नाही. पण सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारून वाहतूकदारांना सोडून देणंही बरोबर नाही. बुकिंग मिळवताना फोनवर ‘थोडंसं सामान चालेल, साहेब’ म्हणणारे तेच, आणि सामान गेल्यावर पावतीच्या पाठीमागची बारीक अक्षरं दाखवणारेही तेच. सामान चालत नसेल तर डिकी उघडून, ती रिकामी असल्याचं लिहून दोघांनी सही करावी. चालत असेल तर यादी, किंमत आणि जास्तीचं भाडं बिल्टीवर यावं. यात वेळ जातो, ही त्यांची तक्रार टिकणारी नाही, कारण ओरखडे मोजायला त्यांच्याकडे भरपूर वेळ असतो. तोवर ग्राहकाने एक साधा प्रयोग करून पाहावा: फोनवर ‘चालेल’ म्हणणाऱ्याला तेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायला सांगावं. उत्तर बहुधा पुन्हा फोनवरच येईल.