मोजमाप कोणाच्या हाती?

कॉटन ग्रीनच्या कापूस बाजाराची इमारत आजही उभी आहे. १९२१ साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनने कापसाची प्रत आणि तंतूची लांबी ठरविणारे नमुने निश्चित केले. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घामाचे मोल त्या नमुन्यांवर ठरू लागले. समान मापाविना एवढा व्यापार चालला नसता, हे मान्य करावेच लागेल. परंतु त्या मापाची सूत्रे व्यापारी, दलाल आणि गिरणीमालक यांच्या हाती होती, हेही विसरता येत नाही.

हाच प्रश्न आज वेगळ्या रूपात याच परिसरात उभा आहे. लगतच्या शिवडीला महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे. औषधांना न जुमानणारा क्षय हे मुंबईच्या दाट वस्तीचे, कोंदट चाळींचे आणि अर्धपोटी श्रमिकांचे दुखणे. त्यावरील संशोधन आता संगणकावर चालते. पण प्रत्येक प्रयोगशाळेची आज्ञावली आपापल्या भाषेत नोंद करीत असेल, तर हजारो रुग्णांचा अनुभव एकत्र कसा यावा?

ही शंका पुस्तकी नाही. डिसेंबर २०११ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोणतेही औषध लागू न पडणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. केंद्रीय आरोग्य खात्याने या नावालाच हरकत घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१२ मध्ये नवी व्याख्या स्वीकारली नाही, कारण अनेक औषधांच्या चाचण्या पुरेशा विश्वासार्ह नव्हत्या. रोगी समोर होता. त्याच्या रोगाला सर्वमान्य नाव नव्हते!

पुढे २०२१ साली ‘एक्सडीआर’ क्षयाची व्याख्याच बदलली. पूर्वी तीत इंजेक्शनच्या औषधांना दाद न देणे मोजले जाई. आता त्याजागी बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड मोजले जाते. त्याच वर्षी द्रव माध्यमातील चाचणीसाठी रिफॅम्पिसिनची निर्णायक मात्रा लिटरमागे १ मिलिग्रॅमवरून अर्ध्यावर आली. म्हणजे काल ‘औषधाला दाद देणारा’ ठरलेला जंतू आज ‘न जुमानणारा’ ठरू शकतो. ज्या नोंदीत केवळ निकाल लिहिला आहे, ती अशा वेळी निरुपयोगी होते. जिच्यात चाचणीची पद्धत, औषधाची मात्रा, नमुन्याची तारीख आणि त्या वेळची व्याख्या आहे, ती पुन्हा तपासता येते. माहितीचा सामायिक आराखडा म्हणतात तो हाच.

केंद्र सरकारने २०१२ साली सुरू केलेली ‘निक्षय’ नोंदणी रुग्णाच्या उपचाराचा मागोवा घेण्यास उपयुक्त आहे; संशोधनाला लागणारा तपशील हा त्यापुढचा टप्पा होय. औषध कंपन्यांना मात्र एकवाक्यतेचे मोल केव्हाच कळले आहे. १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू होणाऱ्या चाचण्यांची माहिती अमेरिकेचे औषध प्रशासन ‘सीडिस्क’च्या ठरावीक मानकांतच मागते; ती तशी न दिल्यास औषध बाजारात आणण्याची वाट अडते. नफ्यासाठी जी शिस्त साधते, ती जनतेच्या आरोग्यासाठी का साधू नये?

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. हा आराखडा सार्वजनिक मालकीचा, विनामूल्य आणि सर्वांना तपासता येईल असा असावा. कोणत्याही कंपनीच्या परवान्यात तो बांधला जाऊ नये. तो ठरविणाऱ्या समितीत प्राध्यापकांबरोबर थुंकीचा नमुना तपासणारा तंत्रज्ञ, नोंद ठेवणारी परिचारिका आणि क्षयातून उठलेला रुग्ण यांनाही स्थान हवे, कारण कोणता रकाना भरता येतो आणि कोणता कोराच राहतो हे त्यांनाच ठाऊक असते. आणि रुग्णाचे नाव-पत्ता संशोधनाच्या नोंदीत असता कामा नये. क्षयाच्या नुसत्या बोभाट्याने नोकरी आणि सोयरीक मोडते.

कापसाचे माप ज्यांच्या हाती होते, भाव त्यांच्या सोयीने ठरला. रोगाचे माप तरी ज्यांची छाती पोखरली जाते त्यांच्या हिताने ठरले पाहिजे.