इंजिनाची नजर-पैसेवारी

खेड्यांतील शेतकर्‍याच्या अंगणांत जुनी मोटार उभी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. सन १९८३ च्या डिसेंबरांत निघालेल्या मारुती ८०० गाडीचें उत्पादन सन २०१४ च्या जानेवारींत बंद झालें; तथापि ती व तिच्या बरोबरीच्या कितीएक गाड्या बाजाराच्या दिवशीं तालुक्याच्या रस्त्यावर अद्यापि धांवतांना दिसतात. अशा गाडीच्या उतारवयांत दोन तक्रारी हटकून उद्भवतात. एक, गाडी तेल खाते. दुसरी, चढावर तिचा जोर पुरत नाहीं. मग मिस्त्री सायलेन्सरकडे एकवार पाहून निकाल देतो कीं, इंजिन गेलें, बांधावें लागेल; आणि मालक मान डोलावून पैशाच्या तजविजीस लागतो. या निकालाच्या पद्धतीविरुद्ध दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. नजर-पैसेवारी जाहीर झाली कीं कचेरींत हरकतींचा ढीग पडे. आमचें पीक नुसत्या नजरेनें ठरवूं नका, प्लॉट आंखा, कापणी करा, वजन करा, अशी शेतकर्‍याची मागणी असे. व ती न्याय्य होती. तोच शेतकरी स्वतःच्या इंजिनाची नजर-पैसेवारी मात्र बिनहरकत मान्य करितो, हें आश्चर्य नव्हे काय?

तेल जळणें व दाब उतरणें हे दोन निरनिराळे विकार आहेत, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पिस्टनला सामान्यतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यत्वें दाब धरितात. खालची भिंतीवरचें तेल निपटून खालीं पाठविते. ही खालची रिंग काजळीनें चिकटून बसली तर दाब पुरा भरतो, पण तेल जळत राहतें. व्हॉल्व्हच्या दांडीवरचें रबरी सील कडक झालें तर तेथूनही तेल सिलिंडरांत झिरपतें, आणि दाबास बाध येत नाहीं. उलटपक्षीं, व्हॉल्व्ह जळला किंवा टॅपेटचें अंतर मिटून तो पुरता बसेनासा झाला, तर दाब उतरतो. पण तेल जास्त जळत नाहीं. गॅसवर चालविलेल्या जुन्या गाड्यांत व्हॉल्व्हची बैठक झिजून असा प्रकार घडतो. रिंगा व सिलिंडरची भिंत हीं दोन्ही झिजलीं म्हणजे बहुधा दोन्ही विकार एकत्र दिसतात. आणि इंजिन बांधण्याचा प्रश्न खरोखर तेव्हांच उत्पन्न होतो.

धुराकडे पाहावयाचें तर त्याच्या रंगाबरोबर त्याची वेळही पाहावी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीं सुरू करितांना, किंवा लांब उतार उतरून ॲक्सिलरेटर पुन्हा दाबतांच, निळा भपकारा निघून थांबला, तर संशय सीलांवर घ्यावा. ओझें घेऊन चढावर जातांना निळा धूर सतत निघत असेल तर रिंगांवर घ्यावा. तेलाचें झांकण उघडतांच इंजिनांतून जोराचे फुत्कार येत असतील तरीही रिंगांचाच संशय बळावतो. मात्र इंजिनाचा श्वास सोडणारी नळी तुंबलेली नाहीं, हें आधीं पाहावें. गरम इंजिनांतूनही पांढरा धूर निघत राहून रेडिएटरचें पाणी घटत असेल तर हेडचें गॅस्केट तपासावें. गाडीखालीं रात्रीं कागद पसरून तेल बाहेरच तर गळत नाहीं ना, याचीही खात्री करावी.

हे सारे संशयच झाले. निकाल मोजणीनें व्हावा. बॅटरी पुरी भरलेली असावी. इंजिन गरम करून बंद करावें, सर्व प्लग काढावे, ठिणगी व पेट्रोल तोडावें, ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरावा, आणि गेजाचा कांटा चढावयाचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवावा. प्रत्येक सिलिंडरचा आंकडा कागदावर उतरावा. गाडीच्या पुस्तकांत योग्य दाब दिलेला असतो. पुस्तक नसल्यास सर्वांत लहान आंकडा सर्वांत मोठ्याच्या पाऊणपटीहून कमी नसावा, हा जुना ठोकताळा आहे. जो सिलिंडर कमी भरेल त्यांत चमचाभर इंजिन तेल सोडून पुन्हा मोजावें. दाब बराच चढला तर रिंगा किंवा भिंत झिजली, कारण तेलानें फट तात्पुरती बुजली. न चढला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. शेजारचे दोनच सिलिंडर उतरले असतील तर प्रथम त्यांच्या मधलें गॅस्केट पाहावें. सर्वच सारखे उतरले तर टायमिंगचा पट्टा दांता सरकला आहे काय, हें पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. ही रीत पेट्रोल इंजिनाची होय. डिझेलच्या जीपचा किंवा ट्रॅक्टरचा दाब दुपटीहून अधिक असतो. त्यास निराळें गेज लागतें, व त्यांत तेल सोडण्याची परीक्षा करूं नये.

आमच्या माहितीच्या एका बागाईतदारास असाच 'इंजिन बांधा' म्हणून निकाल मिळाला होता. गेज लावतां चारही सिलिंडर ११ ते ११.५ किलोंच्या दरम्यान भरले. धूर तर फक्त सकाळींच येई. सीलें बदलतांच धूर थांबला, आणि बांधणीसाठीं राखलेला पैसा ठिबकच्या नळ्यांस लागला. दुसर्‍या एका गृहस्थानें याच्या उलट, वर्षभर जाड तेल व बाटलींतलीं औषधें ओतण्यांत पैसा घातला. पहिल्याच महिन्यांत मोजणी केली असती तर भिंत झिजल्याचें तेव्हांच कळलें असतें. मोजणी जशी अनाठायीं खर्च वांचविते, तशीच ती खोटी आशाही मोडते.

कोणी म्हणेल, अनुभवी मिस्त्री आवाजावरूनच दोष ओळखतो. त्याच्यावर अविश्वास कां? आमचा अविश्वास मुळींच नाहीं. मुरलेला सर्कल अधिकारीही शेताच्या बांधावर उभा राहून उताराचा अंदाज बरोबर सांगत असे. तथापि कापणीचें वजन कागदावर आल्यानें त्याचा मान कधीं कमी झाला नाहीं. ज्या मिस्त्रीचा अंदाज खरा आहे, त्याची साक्ष गेज देईलच. गेजही सर्वज्ञ नव्हे. तेलानें भिजलेला सिलिंडर मूळच्यापेक्षां अधिक दाब दाखवितो. म्हणून आंकडा, धूर व तेलाचा खप हीं तिन्ही एकत्र वाचावीं.

यास्तव आमची सूचना अशी आहे. संस्थेनें पेट्रोलचें एक व डिझेलचें एक अशीं दोन गेजें विकत घ्यावीं, एका तरुणास तीं वापरण्याचें शिक्षण द्यावें, व सभासदांस अल्प आकारणीनें मोजणी करून द्यावी. सभासदांनीं गाडीच्या कप्प्यांत एक लहान वही ठेवावी. तेल वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटर लिहावे, आणि पुढें जितकें तेल घालावें लागेल तितकें मापून मांडावें. हवेची जाळी धुळीच्या दिवसांत वरचेवर साफ करावी, खराब होतांच बदलावी. कारण भिंत व रिंगा झिजविणारा मोठा वैरी आपल्या शिवाररस्त्यांची धूळच होय. आणि दाबाचे आंकडे कागदावर आल्यावांचून इंजिन खोलण्यास संमति देऊं नये. पिकाच्या बाबतींत जो हक्क आपण सरकाराजवळ मागतों, तो आपल्या अंगणांत उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतींत कां सोडावा, याचा सभासद बंधूंनीं विचार करावा.