पांढरपेशे हात आणि टायमिंग बेल्ट

‘घरी टायमिंग बेल्ट बदलतोस? वेडबिड लागलंय का?’ असं मला ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांतल्या एकानेही टायमिंग बेल्ट डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. काहींना तो आपल्या गाडीत आहे की नाही हेही ठाऊक नव्हतं. एका गृहस्थांनी तर तो सीट बेल्टचा भाऊबंद समजून मला सुरक्षिततेवर प्रवचन झोडलं. गृहस्थ मेकॅनिकल इंजिनिअर. प्रथम श्रेणी, विशेष प्रावीण्यासह.

तेव्हा आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. इंचभर रुंदीचा, आतून दातेरी, रबराचा पट्टा. पोटात काचतंतूंच्या दोऱ्या. क्रँकशाफ्ट फिरतो त्याच्या बरोब्बर निम्म्या वेगाने कॅमशाफ्ट फिरवायचा, हे त्याचं काम. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला 50 वेळा फिरतो, कॅम 25 वेळा, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. व्हॉल्व्ह खाली उतरलेला असताना पिस्टन वर असता कामा नये. ही वेळ सांभाळतो तो हा पट्टा. तो तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, उघडे राहिलेले व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि पिस्टन खालून येऊन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, नशीब खोटं असेल तर पिस्टनही जातो. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही; काहींत दोघांना पुरेल एवढी जागा ठेवलेली असते. पण आपल्या इंजिनात ती आहे का याचा शोधही न घेता ‘आपलं काही होत नाही हो’ म्हणणारा माणूस धाडसी नसतो, आळशी असतो.

विक्रीच्या मोटारीत असा पट्टा पहिल्यांदा लावला जर्मनीतल्या ग्लास कंपनीने, 1962 साली, आपल्या 1004 या गाडीत. बव्हेरियातली ही कंपनी मुळात पेरणीयंत्रं बनवायची. 1966 मध्ये बीएमडब्ल्यूने ती विकत घेतली. म्हणजे शेती अवजारांच्या कारखान्यातून निघालेली, साठ वर्षांहून जुनी, उघड्या डोळ्यांनी दिसणारी आणि हाताने फिरवता येणारी ही यंत्रणा. तिच्याभोवती आपल्याकडे जे गूढ रचलं गेलंय, ते पाहून कुठल्याही तांत्रिकाला न्यूनगंड यावा.

या संप्रदायाचे पुरोहित म्हणजे सर्व्हिस ॲडव्हायझर. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट, नखं स्वच्छ. ‘सर, हे घरी होत नाही. कॉम्प्युटरवर करावं लागतं.’ कॉम्प्युटरवर? महाराज, पट्टा दात्यांवर चढवायचा असतो, अपलोड करायचा नसतो! पण तुम्ही तसं म्हणालात तर ते मंद हसतात आणि गाडी मागे पाठवतात. मागे काय असतं? मागे आयटीआयमधून नुकता बाहेर पडलेला, ग्रीसने कोपरापर्यंत माखलेला एक पोरगा असतो. काम तोच करतो. बहुतेकदा चोख करतो, आणि बिलावर त्याचं नाव कधीच नसतं. त्याच्याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. प्रश्न काचेपलीकडच्या शहाण्यांना आहे. हाताशी पुस्तिका आणि पुढ्यात अख्खा रविवार असलेल्या मालकाला जे काम झेपणार नाही म्हणता, तेच काम त्या पोराने आणखी तीन गाड्या डोक्यावर असताना दुपारच्या जेवणाआधी उरकायचं, हे कसं? तो देवमाणूस आहे की तुम्ही आम्हांला खुळे समजता?

आणि ते सुप्रसिद्ध वाक्य: ‘टायमिंग बेल्ट, तपासला, ठीक.’ माझ्या जुन्या सँट्रोच्या बिलावर हे वाक्य छापलेलं होतं. मी घरी येऊन बेल्टच्या कव्हराचे बोल्ट पाहिले. त्यांवर धुळीचा आणि तेलाचा जो थर होता तो एका सर्व्हिसिंगमधला नव्हे, कित्येक पावसाळ्यांचा होता. कव्हर उघडलंच नव्हतं. तपासलं काय, अंतर्ज्ञानाने? शिवाय उघडलं असतं तरी काय दिसलं असतं? आताचे बेल्ट हायड्रोजन प्रक्रिया केलेल्या नायट्राइल रबराचे असतात. ते जुन्या बेल्टसारखे भेगा पाडून आधी वर्दी देत नाहीत. वरून गुळगुळीत दिसतात आणि आतल्या दोऱ्या थकलेल्या असतात. म्हणून तर पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे असतात आणि त्यांतला जो आधी भरेल तो मानायचा असतो. अनेक गाड्यांत हा आकडा 60 हजार ते 1 लाख किलोमीटरच्या दरम्यान असतो. पण आपल्या लोकांना किलोमीटर तेवढे आठवतात. ‘गाडी चाललीच कुठे? आठ वर्षांत तीस हजार!’ रबराला हे कोण सांगणार? उभ्या गाडीतही ते म्हातारं होतं.

आता माझा खरा राग.

महाराष्ट्रात इंजिनिअरांना तोटा नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशी मोटारी आणि त्यांचे सुटे भाग घडवणारी गावं आपल्याकडे आहेत. पुण्यात टेकडीवर एआरएआयसारखी मोटार-संशोधन संस्था आहे. 1998 साली टाटांची इंडिका पिंपरीतून बाहेर पडली, तिच्या 1.4 लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्टच होता. घरटी एक बीई सापडेल अशा या प्रदेशात, ऑटो सायकल आणि डिझेल सायकलचे आलेख परीक्षेत सुरेख काढून गुण मिळवलेली माणसं, स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडायची कळ शोधताना मी पाहिली आहेत. आणि इंडिका टॅक्सी चालवणारा, दहावीची पायरी न चढलेला ड्रायव्हर, बेल्ट कधी बदलला आणि पुढचा कधी, हे किलोमीटरसकट सांगायचा. दोघांत इंजिन कुणाला कळतं, हे मी तुम्हांला सांगायला हवं का?

हे अज्ञान ज्ञानाच्या अभावातून आलेलं नाही. हात काळे करायच्या लाजेतून आलं आहे. आपल्याकडे शिकायचं ते हाताने काम करावं लागू नये म्हणून. पाना धरणारा मिस्त्री, आणि पान्यावर निबंध लिहिणारा तज्ज्ञ! लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. तिथून बाहेर पडून ते बेळगावात सायकली विकत आणि दुरुस्त करत बसले, मग लोखंडी नांगर केले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांचे फोटो आपण कॉलेजांच्या भिंतींवर लावले आणि त्या भिंतींच्या आत पोरांना वर्कशॉपचा जॉब तयार विकत आणून सबमिट करायला शिकवलं. ज्यांनी हे केलं नाही त्यांनी हात वर करावा; ज्यांनी केलं त्यांनी निदान मला वेड्यात काढू नये.

आणि हे सगळं ओलांडून तुम्ही पाने घेऊन खाली उतरलात, तर तिथे सोसायटीचे सेक्रेटरी उभे असतात. ‘पार्किंगमध्ये दुरुस्ती करता येणार नाही, नियम आहे.’ नियमाची प्रत मागा, मिळणार नाही. त्यांच्या स्वतःच्या गाडीखाली मात्र तेलाचं तळं साचलेलं असतं, ते नियमात बसतं. गाडी सडली तरी चालेल. सुधारणारा माणूस दिसता कामा नये, असा एकूण शिष्टाचार दिसतो. मी पुठ्ठा अंथरतो, काम झालं की फरशी पुसून घेतो, आणि त्यांच्याकडे लक्ष देत नाही. तुम्हीही देऊ नका.

मात्र माझ्या बाजूने उभे राहू पाहणाऱ्या एका जमातीलाही मी जवळ करणार नाही. मोबाइलवरचे ते वीर: मागे ढणढणतं संगीत, ‘दोस्तांनो, फक्त अर्ध्या तासात!’ जुन्या बेल्टवर व्हाइटनरने दोन रेघा, त्याच रेघा नव्या बेल्टवर, चढवला, झालं. इंजिनवरच्या कंपनीच्या खुणा पाहायची गरज नाही, बेल्टला ताण देणाऱ्या टेन्शनरकडे पाहायची गरज नाही. आणि क्रँक पुलीचा बोल्ट सुटत नाही म्हणून त्यावर पाना अडकवून स्टार्टर मारायचा! तो पाना निसटला तर कुणाच्या तोंडावर जाईल? जुना बेल्ट आधीच एक दात सरकलेला असेल तर तुमच्या रेघा ती चूक इमानाने पुढे नेतात. क्रँकच्या चाकाला 20 दाते असतील तर एक दात म्हणजे 18 अंश. इंजिनात 18 अंश ही किरकोळ गोष्ट नाही. सर्व्हिस सेंटरचा पुरोहित सांगतो, अवघड आहे, हात लावू नका. हा वीर सांगतो, सोपं आहे, विचार करू नका. दोघांचाही तुमच्या डोक्यावर सारखाच अविश्वास आहे.

खरी गोष्ट अशी की काम अवघड नाही, सावकाशीचं आहे. आधी आपल्या गाडीत बेल्ट आहे की साखळी ते शोधा. अल्टो 800 मध्ये बेल्ट, स्विफ्टच्या 1.3 डिझेलमध्ये साखळी, डस्टरच्या 1.5 डिझेलमध्ये पुन्हा बेल्ट. मग आपल्याच इंजिनाची वर्कशॉप पुस्तिका मिळवा, मेहुण्याच्या गाडीची नव्हे. बॅटरीची तार काढा. गाडी जॅकवर उचलली की खाली स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा आत घालू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याशी मला वादही घालायचा नाही. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत एका बाजूचं माउंटिंग सोडावं लागतं. त्याआधी तेलाच्या चेंबरखाली जॅक आणि मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून इंजिनाला आधार द्या. ठोकळा विसरलात तर चेंबरला पोचा.

क्रँक पुलीचा बोल्ट हाच या कामातला खरा दांडगेश्वर. गाडी पाचव्या गिअरमध्ये, ब्रेकवर घरातलं माणूस, आणि पान्याला लांब पाइप. तो सुटला की निम्मी लढाई झाली. प्लग काढून ठेवले तर इंजिन हाताने हलकं फिरतं. पहिला सिलिंडर वरच्या टोकाला आणा, क्रँकची खूण आणि कॅमची खूण पुस्तिकेतल्या चित्राशी जुळवा, आणि जुळली असं वाटल्यावर पुन्हा एकदा पाहा. काही इंजिनांत यासाठी खुंट्या घालून शाफ्ट अडकवावे लागतात; त्या खुंट्या विकत मिळतात, त्या घ्या, त्या जागी स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका.

नवा बेल्ट मुडपायचा नाही, पिळायचा नाही, तेलाच्या हाताने धरायचा नाही आणि कशानेही रेटून चढवायचा नाही. आणि नुसता बेल्ट बदलण्याचा कंजूषपणा तर मुळीच नको. टेन्शनर आणि बेल्टला वळण देणारा आयडलर यांची बेअरिंगं तितकीच फिरली आहेत. ज्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, डस्टरचं डिझेल हे त्यातलंच, तिथे तोही आत्ताच बदला. ऑइल सील पाझरत असेल तर तेही, कारण तेल लागलं की नव्या बेल्टचं आयुष्य तिथेच आटोपतं. बोल्ट आवळताना मापाचा पाना, म्हणजे टॉर्क रेंच. ‘हाताला अंदाज आहे’ ही बढाई इंजिनाला कळत नाही.

मग सगळ्यांत महत्त्वाचं, आणि व्हिडिओतून नेमकं कापलेलं: किल्ली फिरवण्याआधी इंजिन हाताने, त्याच्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक पुरा होतो, सगळे व्हॉल्व्ह उघडून मिटतात. कुठे अडलं तर थांबा, जोर लावू नका. हाताने अडलेलं सुधारता येतं, स्टार्टरने अडलेलं हेड उतरवून सुधारावं लागतं. खुणा पुन्हा जुळल्या, ताण पुन्हा पाहिला, की झालं. या सगळ्यात कुठे कॉम्प्युटर लागला?

सगळीच इंजिनं घरी उघडावीत असं मी म्हणत नाही. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्ट इंजिनाच्या सुरुवातीच्या पिढीत बेल्ट इंजिन ऑइलमध्येच भिजत ठेवलेला असतो. रबर आयुष्यभर गरम तेलात मुरवायचं आणि ते टिकेल अशी आशा करायची, ही कल्पना कुण्या विद्वानाला सुचली, मान्य झाली आणि जगभर विकली गेली. असे बेल्ट झिजून त्यांचा चुरा तेलाच्या जाळीत जाऊन बसतो आणि इंजिनाला तेल मिळेनासं होतं. असलं इंजिन नशिबी असेल तर हत्यारं असलेला जाणकार मिस्त्री गाठा आणि त्याच्या शेजारी उभे राहून पाहा. तेही शिकणंच आहे. लाज वाटावी असं त्यात काही नाही. लाजायचं असेल तर आपलं यंत्र आपल्याला कळत नाही, हे अभिमानाने सांगण्याची लाज वाटू द्या.

येत्या रविवारी एवढं करा. गाडीच्या कागदांत बेल्ट शेवटचा कधी बदलला ती नोंद शोधा. सापडली नाही, तर तो बदललेलाच नाही असं समजा. वापरलेली गाडी घेताना विकणाऱ्याने ‘बदललाय, बदललाय’ म्हटलं असेल, तरी बिल नसेल तर तो बदललेला नाही. मग खाली उतरा आणि वरचं कव्हर उघडा. त्याचे बोल्ट बहुधा दहाच्या पान्याचे असतात, आणि दहाचा पाना तुमच्या घरात आहे.