घन यांत्रिकी संपली असे कोण म्हणतो?

बोईसरमध्ये मेकॅनिकलला गेलेल्या मुलाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येते. "डिप्लोमा झाला, डिग्री झाली, आता एमआयडीसीत चिकट. संशोधन-बिंशोधन आपले काम नाही." त्याच्या जोडीला दुसरे, अधिक शहाणे वाटणारे वाक्य येते. घन यांत्रिकीतली ताण, वाक आणि पीळ यांची गणिते कधीच सुटली, उरलेले सॉफ्टवेअर करते, शिकायचेच असेल तर कॉम्प्युटर शीक. शेजारच्या तारापूरच्या कारखान्यांत देखभालीचे काम करताना ही दोन्ही वाक्ये मी वर्षानुवर्षे ऐकली. दोन्ही खोटी आहेत.

विषय संपला असता तर तडे जायचे थांबले असते. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर 1969 पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. त्या जातीच्या, म्हणजे पाणी उकळवणाऱ्या भट्ट्यांना जगभर एकच दुखणे जडले. पाणी फिरवणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांना वेल्डिंगच्या अगदी शेजारी तडे जाऊ लागले. वेल्डिंगच्या उष्णतेने धातूच्या कणांच्या सीमेवर कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि सीमेलगतची चिंचोळी पट्टी क्रोमियमला मुकते. तिथे स्टेनलेसपण उरत नाही. पाण्यातला ऑक्सिजन नेमकी तीच वाट धरतो आणि वेल्डिंगने मागे ठेवलेला ताण ती वाट उघडत नेतो. धातू, पाणी आणि ताण हे तिघे एकत्र आले तरच हा तडा वाढतो, तिघांपैकी एकाला बाजूला काढले की थांबतो. म्हणून 0.08 टक्क्यांपर्यंत कार्बन चालणाऱ्या पोलादाऐवजी 0.03 टक्क्यांच्या आतले पोलाद वापरात आले. तरीही 2020 मध्ये तारापूरच्या या दोन्ही भट्ट्या थांबवून त्यांच्या पाणी फिरवणाऱ्या नळ्या बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. पन्नास वर्षांनंतरही जो प्रश्न भट्टी थांबवतो, त्याला संपलेला प्रश्न कसे म्हणायचे?

हे फक्त अणुकेंद्राचे नाही. एका रसायन कारखान्यात आमच्या 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या रिअॅक्टरला बाहेरून बारीक तडा गेला. सुपरवायझर म्हणाला, पॅच मारा. मारला. दोन महिन्यांत पॅचच्या कडेला नवा तडा. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा तडा. तिसऱ्या वेळी बाहेरचे उष्णतारोधक आवरण, म्हणजे लॅगिंग, पूर्ण काढले तेव्हा दिसले की आतले लॅगिंग ओलेचिंब होते. समुद्राकडून येणारे मीठ त्या ओलीत साठत होते आणि गरम पत्र्यावर त्यातले क्लोराइड तडे पाडत होते. आम्ही दर वेळी वेल्डिंग करून ताण वाढवत होतो, म्हणजे रोगालाच खाऊ घालत होतो. त्या प्लांटमध्ये पदव्या असलेले आम्ही सात-आठ जण होतो. तडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू, असे एकालाही सुचले नाही. तो तुकडा भंगारात गेला. त्याची चुटपुट मला आजही आहे.

आता सॉफ्टवेअरचे. तारापूरलाच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या (बीएआरसी) आवारात एक काँक्रीटचा घुमट उभा आहे. 540 मेगावॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीच्या आतल्या संरक्षक कवचाची ती एक-चतुर्थांश आकाराची प्रतिकृती. आत हवेचा दाब टप्प्याटप्प्याने वाढवत पूर्वप्रतिबलित काँक्रीटला कुठे आणि केव्हा तडे जातात, हे तिथे मोजले गेले. देशोदेशीच्या अभ्यासकांनी संगणकावर त्याची उत्तरे मांडली. संगणकालाच सगळे ठाऊक असते, तर एवढे काँक्रीट ओतायची गरजच नव्हती. सॉफ्टवेअर उत्तर देते, पण त्याआधी विचारते की पदार्थ कोणता, तो किती ताणाला शरण जातो, तडा किती वेगाने वाढतो. हे आकडे नमुना ओढून, वाकवून, तोडूनच मिळतात.

पैशाबद्दलचा आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही. गेट या पात्रता परीक्षेतून एमटेकला गेलेल्या विद्यार्थ्याला महिन्याला 12,400 रुपये मिळतात, पीएचडीची कनिष्ठ शिष्यवृत्ती 2023 पासून 37,000 आहे. घरभाडे आणि आईवडिलांचे औषधपाणी सांभाळणाऱ्या घराला हे कमी पडते. ही रक्कम वाढायला हवी. पण ती कमी आहे म्हणून विषयच निरुपयोगी ठरत नाही.

आणि दारे दूर नाहीत. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत येते. पवईला आयआयटीत धातुशास्त्र आणि पदार्थविज्ञानाचा विभाग आहे, माटुंग्याला व्हीजेटीआय. अणुशक्तीनगरच्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पीएचडी बीएआरसीच्या प्रयोगशाळांत काम करून मिळते. गेटमध्ये अभियांत्रिकी विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत घन यांत्रिकी आणि पदार्थविज्ञान हे दोन्ही भाग घेता येतात, आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ती परीक्षा देता येते. आमच्या भागातल्या किती मुलांना हे कुणी सांगितले?

याच वाटेने गेलेले अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल झाले, 1964 मध्ये बीएआरसीत लागले आणि 1969 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातून प्रायोगिक प्रतिबल-विश्लेषणात पदव्युत्तर पदवी घेऊन आले. ज्याला आपण जुनाट म्हणतो तोच हा विषय. तारापूरच्या 540 मेगावॉटच्या भट्ट्या 2005 आणि 2006 मध्ये व्यापारी वीज देऊ लागल्या, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेच होते.

पुढे कामही आहे. वाढवण बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला झाले. खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या काँक्रीटमधली सळई कधी गंजू लागेल, हा प्रश्न इथल्या मुलाने सोडवला नाही तर बाहेरून येणारा सोडवील.

म्हणून टिमा या तारापूरच्या उद्योजक संघटनेतल्या कारखानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. फुटलेला फ्लँज, तडा गेलेली नळी, तुटलेला शाफ्ट भंगारवाल्याला देण्याआधी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पाठवा. सोबत एका कागदावर लिहा, तापमान किती होते, दाब किती होता, आत काय वाहत होते, किती दिवस चालला. प्राध्यापकांनी तो तुकडा शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे प्रकल्प म्हणून ठेवावा. आणि आईवडिलांनो, गेटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात. यंदा मुलीने किंवा मुलाने तो अर्ज भरायला घेतला, तर अडवू नका.